राणी नको, राष्ट्राध्यक्षही नको : ऑस्ट्रेलियाचे १९९९ चे सार्वमत

६ नोव्हेंबर १९९९, शनिवार. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी सोळा-सतरा हजार किलोमीटर दूर लंडनमध्ये राहणाऱ्या राणीकडे आपल्या देशाचे प्रमुखपद राहू दिले, तेही गुप्त मतदानाने आणि स्वखुशीने. मतदान सक्तीचे असल्यामुळे सुमारे ९५ टक्के मतदारांनी मत नोंदवले होते. म्हणजे ‘लोक आलेच नाहीत’ अशी सबब कोणालाही देता येण्याजोगी नव्हती. त्याआधीची काही वर्षे बहुतेक जनमत चाचण्या मात्र वेगळेच सांगत होत्या : प्रजासत्ताकाची कल्पना मान्य असणारे लोक राजसत्ता हवी म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक होते. प्रत्यक्षात ‘होय’च्या बाजूने ४५.१३ टक्के आणि ‘नाही’च्या बाजूने ५४.८७ टक्के मते पडली.

राजसत्तेवर प्रेम नसलेल्या देशाने राजसत्ता का राखली, हा या सूत्राचा विषय आहे. उत्तर शोधण्यासाठी राजघराण्याच्या कथांकडे वळण्याची गरज नाही. ते ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत, १९७५ सालच्या एका दुपारी आणि प्रजासत्ताकवाद्यांच्या आपसांतील भांडणात सापडते.

प्रथम राज्यघटना. ऑस्ट्रेलियाचे संघराज्य १ जानेवारी १९०१ रोजी अस्तित्वात आले, ते ब्रिटिश संसदेने संमत केलेल्या कायद्यान्वये. त्या घटनेचा मजकूर आज वाचणारा मनुष्य चक्रावून जातो. कलम ६१ नुसार कार्यकारी सत्ता राणीच्या ठायी आहे आणि गव्हर्नर-जनरल तिचा प्रतिनिधी म्हणून ती वापरतो. कलम ५९ नुसार ऑस्ट्रेलियाच्या संसदेने केलेला कोणताही कायदा राणी एका वर्षाच्या आत रद्द करू शकते. आणि ‘पंतप्रधान’ हा शब्द संपूर्ण घटनेत एकदाही येत नाही. देश प्रत्यक्षात कसा चालतो हे कागदावर लिहिलेलेच नाही. ते संकेतांवर, म्हणजे सर्वांनी निमूटपणे पाळलेल्या रिवाजांवर चालते.

हे रिवाज हळूहळू ऑस्ट्रेलियाच्या बाजूने झुकत गेले. १९३१ मध्ये पंतप्रधान स्कलिन यांनी पंचम जॉर्ज यांची नाराजी पत्करून आयझॅक आयझॅक्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गृहस्थांना गव्हर्नर-जनरल नेमवून घेतले. १९७३ मध्ये एलिझाबेथ यांना कायद्याने ‘ऑस्ट्रेलियाची राणी’ ही स्वतंत्र पदवी मिळाली. १९८६ च्या ‘ऑस्ट्रेलिया अधिनियमा’ने ब्रिटिश संसदेचा ऑस्ट्रेलियासाठी कायदे करण्याचा उरलासुरला अधिकारही संपवला. यामुळेच ‘आम्ही आजही ब्रिटनचे गुलाम आहोत’ हा युक्तिवाद १९९० च्या दशकात फारसा चालू शकला नाही. स्वातंत्र्य आधीच मिळालेले होते; ते कोणत्या तारखेस मिळाले एवढेच नेमके सांगता येत नव्हते.

आता १९७५. गॉफ व्हिटलम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारपाशी प्रतिनिधिगृहात बहुमत होते, सिनेटमध्ये नव्हते. क्वीन्सलंडच्या मजूर पक्षीय सिनेटरचे निधन झाले, तेव्हा त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी प्रस्थापित संकेत मोडून त्या जागी व्हिटलमविरोधी मनुष्य पाठवला. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांच्या आघाडीला सिनेटमध्ये खर्चाची विधेयके अडवून धरण्यापुरते बळ मिळाले. १६ ऑक्टोबरपासून ती अडली. सरकारी तिजोरीतील मंजूर पैसा काही आठवड्यांत संपणार होता, आणि निवडणूक घेतल्याशिवाय विधेयके सोडणार नाही, असा फ्रेझर यांचा हेका होता.

गव्हर्नर-जनरल होते सर जॉन केर. १९७४ मध्ये स्वतः व्हिटलम यांच्याच शिफारशीवरून नेमलेले. ११ नोव्हेंबर रोजी दुपारी एकच्या सुमारास व्हिटलम त्यांच्याकडे गेले, ते अर्ध्या सिनेटसाठी निवडणूक मागायला. केर यांनी त्यांच्या हाती बडतर्फीचे पत्र ठेवले. त्या वेळी फ्रेझर त्याच इमारतीच्या दुसऱ्या खोलीत थांबले होते. थोड्याच वेळात त्यांना काळजीवाहू पंतप्रधानपदाची शपथ देण्यात आली.

पुढचे दोन-तीन तास ऑस्ट्रेलियाच्या घटनात्मक इतिहासात अद्वितीय आहेत. सिनेटमधील मजूर पक्षाच्या सदस्यांना बडतर्फीची वार्ताच पोहोचली नव्हती. त्यांच्या साक्षीने सिनेटने खर्चाची विधेयके संमत केली आणि तो पैसा फ्रेझर यांच्या हाती पडला. प्रतिनिधिगृहाने फ्रेझर यांच्याविरुद्ध ६४ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वासाचा ठराव केला. सभापती गॉर्डन शोल्स तो ठराव घेऊन केर यांच्याकडे निघाले, पण त्यांची भेट होईपर्यंत दोन्ही सभागृहे विसर्जित झालेली होती. लोकनियुक्त सभागृहाचा ठराव दारात ताटकळत राहिला आणि घोषणापत्र संसदेच्या पायऱ्यांवर वाचून दाखवले गेले. त्याच पायऱ्यांवरून व्हिटलम यांनी संतप्त जमावासमोर केर यांना जो टोला हाणला, तो आजही तेथे शाळकरी मुलांना ठाऊक असतो.

शोल्स यांनी राणीला पत्र लिहून दाद मागितली. १७ नोव्हेंबरचे उत्तर राणीच्या खासगी सचिवांकडून आले : घटनेने हे अधिकार गव्हर्नर-जनरलला दिलेले आहेत, राणीने त्यात पडणे योग्य नाही. या उत्तरात साऱ्या वादाचे बीज आहे. ज्या राणीच्या नावाने सरकार बडतर्फ झाले, तिच्यापाशी त्याविरुद्ध दाद लागत नव्हती. मग हा अधिकार नेमका कोणाचा? आणि तो वापरणाऱ्यास जाब कोण विचारणार? व्हिटलम १३ डिसेंबरच्या निवडणुकीत दारुण हरले, त्यामुळे राजकीय हिशेब मिटल्यासारखा दिसला. घटनात्मक हिशेब तसाच उघडा राहिला.

प्रजासत्ताकाची संघटित चळवळ मात्र १९७५ च्या रागातून लगेच उभी राहिली नाही. जुलै १९९१ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन रिपब्लिकन मूव्हमेंट’ची स्थापना झाली; कादंबरीकार थॉमस केनेली तिचे पहिले अध्यक्ष होते. पुढे सूत्रे माल्कम टर्नबुल या श्रीमंत, हुशार आणि काहीशा उतावळ्या वकिलाकडे गेली. १९९२ मध्ये राजसत्तावाद्यांनीही आपली संघटना काढली. तिच्या आरंभीच्या मंडळींत न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्यासारखा उदारमतवादी कायदेपंडित होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. राजसत्तेचे सारेच कैवारी मुकुटाला भुललेले नव्हते.

पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी ७ जून १९९५ रोजी संसदेत आपला आराखडा मांडला. गव्हर्नर-जनरलच्या जागी राष्ट्राध्यक्ष, त्याची निवड संसदेच्या संयुक्त बैठकीत दोन-तृतीयांश बहुमताने, अधिकार पूर्वीचेच, मुदत २००१, म्हणजे संघराज्याच्या शताब्दीपर्यंत. मार्च १९९६ मध्ये कीटिंग यांचा पराभव झाला. नवे पंतप्रधान जॉन हॉवर्ड कट्टर राजसत्तावादी होते, परंतु घटना परिषद बोलावण्याचे वचन त्यांच्या पक्षाने दिलेले होते आणि ते त्यांनी पाळले. ज्या पक्षाला प्रश्नच नको होता, त्याच्याच हाती प्रश्नपत्रिका काढण्याचे काम आले.

२ ते १३ फेब्रुवारी १९९८ या काळात कॅनबेरा येथील जुन्या संसदभवनात ही परिषद भरली. १५२ प्रतिनिधी, निम्मे निवडून आलेले, निम्मे सरकारने नेमलेले. तिच्या इतिवृत्तातील सर्वांत हेलावून टाकणारे भाषण एका राजसत्तावाद्याचे आहे. नेव्हिल बॉनर हे संघीय संसदेत पोहोचलेले पहिले मूलनिवासी सदस्य, जगेरा समाजाचे ज्येष्ठ. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : तुम्ही आलात, आमची भूमी घेतलीत, आमच्यावर तुमचा कायदा लादलात. आम्ही मोठ्या कष्टाने तो शिकलो, स्वीकारला, त्याच्यावर विश्वास ठेवला. आणि आता तुम्हीच म्हणता की तुम्हांला तो नको. शेवटी त्यांनी आपल्या भाषेतील शोकगीत भर सभेत गायले.

बॉनर यांचे मत सर्व मूलनिवासींचे मत नव्हते. अनेक मूलनिवासी नेते प्रजासत्ताकाच्या बाजूने उभे होते. पण त्यांच्या प्रश्नाने एक वर्मी घाव घातला. प्रजासत्ताकवाद्यांच्या मांडणीत ‘आपण’ हा शब्द फार सहजतेने येत असे. आपला राष्ट्रप्रमुख आपल्यातलाच हवा, हे म्हणताना त्या ‘आपण’मध्ये कोण येतो आणि कोणाला न विचारता धरले जाते, याचा विचार क्वचितच झाला होता.

परिषदेतील मतदानाचे आकडे पुढच्या अपयशाची चाहूल देतात. ऑस्ट्रेलियाने तत्त्वतः प्रजासत्ताक व्हावे यास ८९ जणांनी संमती दिली, ५२ जणांनी विरोध केला. पण संसदेने राष्ट्राध्यक्ष निवडण्याच्या विशिष्ट आराखड्यावर मत घेतले गेले तेव्हा बाजूने ७३, विरोधात ५७ आणि तटस्थ २२. म्हणजे प्रजासत्ताक हवे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना हे प्रजासत्ताक नको होते. १५२ पैकी ७३ म्हणजे निर्भेळ बहुमतही नव्हे. तरीही हाच आराखडा जनतेपुढे ठेवावा, असे १३३ विरुद्ध १७ मतांनी ठरले.

ही फूट होती राष्ट्राध्यक्ष कोणी निवडावा यावरून. टर्नबुल यांचा गट म्हणे, संसदेने. दुसरा गट म्हणे, लोकांनी थेट. अपक्ष राजकारणी टेड मॅक आणि फिल क्लिअरी हे या दुसऱ्या गटाचे ठळक चेहरे. राणी जाऊन तिच्या जागी पुढाऱ्यांनी आपसांत ठरवलेला मनुष्य येणार असेल, तर लोकांच्या हाती काय आले, असा त्यांचा सवाल. सवाल बिनतोड वाटतो. उत्तर तितके सोपे नाही.

भारतीय वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. आपल्या संविधान सभेपुढे हाच प्रश्न आला होता. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये राष्ट्रपती प्रौढ मतदानाने थेट निवडावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला : मतदारसंख्येचा प्रचंड आकार हे एक कारण, आणि राष्ट्रपती हा नामधारी प्रमुख असणार, हे दुसरे. नेहरूंनीही १९४७ मध्येच सांगितले होते की कोट्यवधी लोकांनी थेट निवडलेल्या माणसाला खरे अधिकार न देणे विसंगत ठरेल. थेट कौल मिळालेला मनुष्य पंतप्रधानाचा सल्ला मुकाट्याने का ऐकेल?

ऑस्ट्रेलियात हा धोका भारताहून मोठा होता. तेथील सिनेट खर्चाची विधेयके अडवू शकते आणि गव्हर्नर-जनरलचे बडतर्फीचे ‘राखीव अधिकार’ कोठेही लिहिलेले नाहीत. केर यांच्यामागे एकाही मतदाराचे मत नव्हते, तरी त्यांनी सरकार घालवले. त्याच खुर्चीवर देशभरातून लाखो मते मिळवलेला मनुष्य बसला तर काय होईल? थेट निवडणुकीच्या समर्थकांनी राखीव अधिकार लेखी स्वरूपात मर्यादित करू, असे उत्तर दिले. पण ते अधिकार लिहायला बसल्यावर १९७५ मध्ये केर बरोबर होते की चूक, हे आधी ठरवावे लागते, आणि त्यावर देशाचे एकमत होत नाही. सारी गाडी तेथेच अडते.

टर्नबुल गटाच्या आराखड्यातही एक मोठी गोम होती, आणि राजसत्तावाद्यांनी ती अचूक हेरली. राष्ट्राध्यक्षाची निवड दोन-तृतीयांश बहुमताने, पण त्याला काढून टाकण्यास पंतप्रधानाची एक सही पुरेशी. प्रतिनिधिगृहाची मान्यता तीस दिवसांत घ्यायची, आणि ती न मिळाली तरी काढलेला राष्ट्राध्यक्ष परत येत नाही. बाजू मांडणारे म्हणत, राणीला सांगून गव्हर्नर-जनरल हटवण्याचा अधिकार पंतप्रधानाला आजही आहेच. ते खरे होते. पण जुन्या व्यवस्थेत निदान लंडनशी संपर्क साधण्याइतका वेळ जाई. आणि संकेताच्या धूसरपणात लपलेली गोष्ट घटनेच्या मसुद्यात काळ्यावर पांढरी दिसली की ती अधिक भयंकर वाटते.

प्रचारात मग एक विलक्षण युती जमली. राजसत्तावादी आणि थेट निवडणुकीचे प्रजासत्ताकवादी, दोघेही ‘नाही’ म्हणू लागले. राजसत्तावाद्यांच्या प्रचारातून राणी जवळपास अदृश्य झाली. त्यांचा नारा होता ‘पुढाऱ्यांच्या प्रजासत्ताकाला नकार द्या’. हा नारा राजसत्तेचा एकही गुण सांगत नाही, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो प्रभावी ठरला. हॉवर्ड यांचेच एक मंत्री पीटर रीथ थेट निवडणुकीच्या नावाने ‘नाही’च्या व्यासपीठावर आले, अर्थमंत्री पीटर कॉस्टेलो ‘होय’ म्हणत होते. आणि १९७५ चे हाडवैरी व्हिटलम व फ्रेझर ‘होय’च्या एकाच जाहिरातीत शेजारी उभे राहिले. इतिहासाच्या अभ्यासकाला यात केवढी तरी नाट्यमयता दिसते. सामान्य मतदाराला बहुधा एवढेच दिसले की सगळे बडे पुढारी एका बाजूस आहेत.

राष्ट्रकुलातून बाहेर पडावे लागेल अशी भीतीही काही ठिकाणी घातली गेली. ती निराधार होती, आणि तिचे उत्तर भारताने अर्धशतकापूर्वी देऊन ठेवले होते. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने भारताला प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहता आले. त्या परिषदेत ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान चिफली स्वतः हजर होते.

सार्वमताच्या काही दिवस आधी एक उल्लेखनीय प्रयोग झाला. देशभरातून यदृच्छेने निवडलेले सुमारे साडेतीनशे नागरिक कॅनबेरामध्ये जमवून त्यांना दोन्ही बाजूंच्या जाणकारांपुढे मनमुराद प्रश्न विचारू दिले गेले. चर्चेअंती ‘होय’कडे झुकणाऱ्यांचे प्रमाण बरेच वाढले आणि थेट निवडणुकीचे आकर्षण झपाट्याने ओसरले. पण साडेतीनशे लोकांना शांतपणे समजावणे वेगळे आणि सव्वा कोटींपर्यंत पोहोचणे वेगळे. ‘कळत नसेल तर नाही म्हणा’ हा सल्ला पोहोचायला काही सेकंद पुरतात.

त्यातून ऑस्ट्रेलियात घटनादुरुस्तीची चाळण अत्यंत बारीक आहे. कलम १२८ नुसार देशभरात बहुमत हवे आणि शिवाय सहापैकी किमान चार राज्यांत बहुमत हवे. १९९९ पर्यंत मांडलेल्या ४४ प्रस्तावांपैकी केवळ ८ संमत झाले होते. प्रजासत्ताकाच्या प्रस्तावाला एकाही राज्यात बहुमत मिळाले नाही. व्हिक्टोरिया ४९.८४ टक्क्यांवर अडकले, क्वीन्सलंडमध्ये ‘होय’ ३७.४४ टक्केच. केवळ कॅनबेराच्या राजधानी प्रदेशाने ६३.२७ टक्क्यांनी होकार दिला. नोकरशहा आणि पुढारी यांच्या त्या शहराचा होकार प्रतिपक्षाचेच म्हणणे सिद्ध करणारा ठरला असेल.

मतदारसंघनिहाय निकाल अधिक बोलके आहेत. सिडनी-मेलबर्नच्या मध्यवर्ती, सुस्थित, सुशिक्षित वस्त्यांनी ‘होय’ म्हटले. बाह्य उपनगरांनी आणि ग्रामीण भागाने ‘नाही’. राजसत्तावादी हॉवर्ड यांच्या बेनेलाँग मतदारसंघाने प्रजासत्ताक स्वीकारले, तर प्रजासत्ताकवादी विरोधी पक्षनेते किम बीझली यांच्या ब्रँड मतदारसंघाने ते नाकारले. ही रेषा डाव्या-उजव्या पक्षांमधून जात नव्हती. व्यवस्थेवर विश्वास ठेवणारे एकीकडे आणि तिच्याकडून फसवले गेल्याची भावना असणारे दुसरीकडे, अशी ती होती.

त्या रात्री टर्नबुल यांनी हॉवर्ड यांनी राष्ट्राचे काळीज मोडल्याचा ठपका ठेवला. हॉवर्ड यांची चाल धूर्त होती यात शंका नाही. परंतु सारा दोष त्यांच्या माथी मारणे म्हणजे मतदारांना अजाण समजणे होय. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न राणी हवी की नको असा नव्हताच. राष्ट्रप्रमुख निवडण्याचे काम संसदेवर सोपवता का, असा तो होता, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस संसदेची पत फार बरी नव्हती. प्रजासत्ताकवाद्यांनी ‘किमान बदल’ हा सुरक्षिततेचा मार्ग म्हणून निवडला. बदल इतका किमान असेल तर तो करायचाच कशाला, हे मात्र त्यांना उत्साह वाटेल अशा भाषेत कधी सांगता आले नाही.

१९७५ चे प्रकरण त्यानंतरही मिटले नाही. केर आणि राजवाडा यांच्यातील दोनशेहून अधिक पत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात ‘खासगी’ म्हणून बंद होती. इतिहासकार जेनी हॉकिंग यांनी ती खुली व्हावीत म्हणून न्यायालयात लढा दिला. मे २०२० मध्ये उच्चतम न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि जुलैत पत्रे प्रसिद्ध झाली. बडतर्फीच्या दिवशी केर यांनी कळवले होते की राणीला आधी न सांगणेच त्यांना उचित वाटले. राजसत्तावाद्यांनी हे वाक्य निर्दोषत्वाचा दाखला म्हणून उचलले. पण त्याआधीचे महिनोन्‌महिने राखीव अधिकारांविषयी राजवाड्याशी खल चालू होता, हेही त्याच पत्रांत आहे. ‘आधी ठाऊक नव्हते’ आणि ‘काहीच ठाऊक नव्हते’ यांतील अंतर या दप्तराने पुरते उघडे केले.

सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले. ‘ती असेपर्यंत नको’ म्हणणाऱ्यांची अडचण दूर झाली असे वाटले. मजूर पक्षाच्या सरकारने त्याच वर्षी प्रजासत्ताकासाठी स्वतंत्र सहायक मंत्रीही नेमला होता. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मूलनिवासींना संसदेपुढे सल्लागार ‘आवाज’ देणारे सार्वमत सहाही राज्यांत फेटाळले गेले आणि सरकारने आणखी एका सार्वमताचा विचार सोडून दिला. २०२४ मध्ये ते मंत्रिपदही रद्द झाले. ऑक्टोबरमध्ये राजे चार्ल्स कॅनबेराला आले तेव्हा त्यांची भूमिका आईसारखीच होती : निर्णय ऑस्ट्रेलियाच्या जनतेचा.

प्रजासत्ताक चळवळीने जानेवारी २०२२ मध्ये नवा आराखडा पुढे केला. राज्यांच्या व प्रदेशांच्या विधिमंडळांनी प्रत्येकी एक आणि संघीय संसदेने तीनपर्यंत, असे कमाल अकरा उमेदवार सुचवायचे आणि त्यांतून जनतेने एकास निवडायचे. १९९९ च्या दोन्ही गटांना एकत्र बांधण्याचा हा प्रयत्न होता. त्यावर लगेच जाहीर टीका करणाऱ्यांत पॉल कीटिंग आणि माल्कम टर्नबुल हे दोघेही होते.